स्पोर्ट्‌स कारची देखभाल आणि डॅशबोर्डवरचे दिवे: काय, केव्हा, कोणत्या क्रमाने

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की पहिली धाव असते कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसून घेण्याकडे, आणि लाल दिवा लागला की "जवळच आहे गॅरेज, जाऊ या हळूहळू" याकडे. दोन्ही चुका महाग पडतात. पहिल्या चुकीत निदानाचा पुरावा जातो, दुसरीत इंजिन जातं. साधी कमी पॉवरची गाडी अशा वेळी थोडंफार सोसते. पण दोनशेच्या पुढे अश्वशक्ती काढणाऱ्या टर्बो इंजिनाला ती मुभा नसते. तिथे ऑइलचा दाब गेला तर टर्बोचं बेअरिंग आणि क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं काही सेकंदांत खरवडायला लागतात.

हा लेख टर्बो पेट्रोल इंजिन आणि ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या गाड्या समोर ठेवून लिहिला आहे: ऑक्टेव्हिया आरएस आणि गोल्फ जीटीआय या फोक्सवॅगन गटाच्या गाड्या, आणि जिथे पद्धत वेगळी आहे तिथे पोर्शे ७१८. बाकी गाड्यांनाही क्रम हाच लागू होतो. आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरायचे.

## टप्पा १: हाताशी काय हवं

मॅन्युअल आधी. त्यात सूचक दिव्यांची पानं शोधून मोबाइलमध्ये त्यांचे फोटो ठेवा. रस्त्याच्या कडेला उभं राहून नेटवर शोधण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण एकाच चिन्हाचा अर्थ दोन कंपन्यांत थोडा वेगळा असू शकतो.

मग ही हत्यारं:

- हवा मोजायचा स्वतःचा गेज. पंपावरच्या मशीनचा आकडा खरा धरून चालत नाही.
- साधा मल्टिमीटर.
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतो. एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, गिअरबॉक्स वाचणारा घेतला तर पैसे वसूल होतात.
- टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), बुटका ट्रॉली जॅक आणि जॅकिंग पॉइंटवर ठेवायचा रबरी पॅड.
- टॉर्च, फनेल, हातमोजे, डिस्टिल्ड पाणी.
- योग्य ऑइलचा एक लिटरचा सीलबंद डबा. हा डिकीत कायम.

"योग्य ऑइल" म्हणजे फक्त ५डब्ल्यू-३० नव्हे. तो झाला ऑइलचा पातळ-जाडपणा. डब्याच्या मागे गाडीच्या कंपनीची मान्यता छापलेली असते. फोक्सवॅगन गटाची ५०२ ००, ५०४ ०० किंवा ५०८ ००, पोर्शेची ए४० किंवा सी३०. मॅन्युअलमधला क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक जुळला तरच ते ऑइल तुमचं. ५०८ ०० हे फार पातळ ऑइल आहे. ५०२ किंवा ५०४ साठी बनलेल्या इंजिनात "नवीन म्हणजे चांगलं" म्हणून ते ओतायचं नाही.

शेवटी एक वही. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, चारही टायरांची हवा, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी. दिवा लागल्यावर "आधी कसं होतं?" या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

## टप्पा २: निरोगी डॅशबोर्ड ओळखा

इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. बरेचसे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत विझतात. ही गाडीची स्वतःची तपासणी असते. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

इथे लोक उलटं बघतात. दिवा विझला नाही तर काळजी करतात, पण जो दिवा लागलाच नाही त्याच्याकडे लक्ष जात नाही. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे दिवे इग्निशन ऑन केल्यावर क्षणभर दिसलेच पाहिजेत. सेकंडहँड गाडी घेताना ही तपासणी चुकवू नका. एअरबॅगचा बिघाड लपवण्यासाठी दिवाच बंद केलेल्या गाड्या बाजारात येतात.

दुसरी ओळख तापमानाची. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत कूलंटची सुई ९० अंशांवर आली की तिथेच खिळून राहते. खरं तापमान काही अंश वर-खाली झालं तरी सुई हलत नाही, तशीच तिची रचना आहे. म्हणून ती हलायला लागली, तर प्रकरण आधीच पुढे गेलेलं असतं. मेनूमध्ये ऑइल टेंपरेचर दिसत असेल तर तेच पडद्यावर ठेवा. रोजच्या शहरी चालवण्यात ते किती असतं आणि बोरघाट चढताना किती होतं, हे तुम्हाला पाठ असलं पाहिजे.

## टप्पा ३: दर पंधरा दिवसांची तपासणी

क्रम महत्त्वाचा. काही गोष्टी थंड गाडीवर मोजायच्या असतात, काही गरम गाडीवर. क्रम चुकला की आकडे खोटे येतात.

आधी थंड गाडीवर, इंजिन सुरू करण्यापूर्वी

१. टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. टायरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो. गाडी चालवून पंपावर गेलात, दाब जास्त दिसला आणि हवा काढलीत, तर सकाळी टायर कमी हवेवर उभे असतात. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने काँक्रीटवर तासन्‌तास धावायचं असेल तर हीच चूक टायर फोडते. कमी हवेचा टायर बाजूने जास्त वाकतो आणि आतून तापतो.

२. टायरची आतली कड. स्पोर्ट्‌स कारच्या चाकांना आतल्या बाजूला कल दिलेला असतो, त्यामुळे झीज आतून होते आणि बाहेरून टायर नवा दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. मागच्या टायरांसाठी मोबाइल खाली धरून फोटो काढा. कायद्याची मर्यादा १.६ मिमी खाचेची आहे. पण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून कोकणात किंवा घाटात पावसाळ्यात जाणाऱ्यांनी ३ मिमीला टायर बदलावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

३. टायरचं वय. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच कडक होतात.

४. कूलंट. टाकीच्या मिन आणि मॅक्स रेषांमध्ये असायला हवं. मागच्या नोंदीपेक्षा कमी असेल तर ते कुठेतरी गेलंय. बंद यंत्रणेतलं कूलंट "उडून" जात नाही. ऑक्टेव्हिया आरएसच्या २.० टीएसआय इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांची प्लास्टिकची हाउसिंग गळणं हा ओळखीचा आजार आहे. इंजिनाच्या बाजूला वाळलेली गुलाबी खपली आणि बोनट उघडल्यावर गोडसर वास ही त्याची खूण.

५. ब्रेक ऑइलची पातळी. फक्त बघा, ओतू नका. कारण पुढे येईल.

मग गाडी चालवून आल्यावर

६. इंजिन ऑइल. गाडी पूर्ण तापलेली, सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, पुसा, परत पूर्ण घाला, मग वाचा. पोर्शे ७१८ ला डिपस्टिक नाही. तिथे पातळी डॅशबोर्डच्या मेनूमध्येच बघायची, तीही मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत. उतारावर उभ्या गाडीचं मोजमाप कामाचं नाही.

ही तपासणी सर्व्हिस सेंटरवर सोडून चालत नाही आणि त्याचं गणित सोपं आहे. फोक्सवॅगन गटाचं मॅन्युअल १,००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइलचा वापर सामान्य धरतं. १५,००० किमीच्या सर्व्हिसपर्यंत ही बेरीज साडेसात लिटर होते आणि इंजिनात मावतं पावणेसहा लिटरच्या आसपास. निरोगी इंजिन इतकं पीत नाही, पण थोडं पितंच.

> सावधान: मॅक्सच्या वर ऑइल भरू नका. क्रँक ते घुसळून फेस करतो, फेसाला दाब धरता येत नाही. मिन ते मॅक्स हे अंतर साधारण एक लिटरचं असतं. पाव-पाव लिटर ओता, थांबा, परत बघा. पातळी मोजायच्या आधी डबा उघडू नका.

## टप्पा ४: रोज सुरू करताना आणि बंद करताना

इंजिन सुरू करून उभ्या गाडीला पाच-दहा मिनिटं "गरम" करत बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा आणि हळू चालवा. कूलंट ९० ला पोचलं तरी ऑइल अजून थंडच असतं, त्याला बराच जास्त वेळ लागतो. ऑइल ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पूर्ण रेस द्यायची नाही.

परतताना शेवटचे दोन-तीन किलोमीटर सौम्य चालवा. टर्बोला थंड व्हायला तेवढं पुरतं. गाडी बंद केल्यावर पंखा किंवा छोटा विद्युत पंप चालू राहिला तर घाबरायचं कारण नाही, टर्बोची उष्णता काढायला ते चालतात. त्या वेळी बॅटरी काढण्याचा उद्योग करू नका.

पेट्रोलच्या झाकणामागे किमान ऑक्टेन लिहिलेलं असतं. तिथे ९५ असेल तर ९५ किंवा त्यावरचं भरा. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं टर्बो इंजिनाला सर्वांत जास्त मारतं, विशेषतः कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर. मॅन्युअल मोडमध्ये चालवणाऱ्यांनी ही सवय सोडावी.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल एवढंच: चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेकने धरा. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकत राहिलं की क्लच सतत अर्धवट चिकटलेला राहतो आणि तापतो. पुढे जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून एकदम पुढे जा, मग पूर्ण थांबा.

## टप्पा ५: सर्व्हिसची यादी आणि तिचा क्रम

सर्व्हिसच्या मुदतीत किलोमीटर आणि महिने, यांतलं जे आधी येईल ते धरायचं. वर्षात ३,००० किमी चाललेल्या गाडीचं ऑइलही वर्षाने बदलायचंच. छोट्या फेऱ्यांत त्यात पेट्रोल आणि पाण्याचा अंश साचतो, तो जळून जायला वेळच मिळत नाही.

- ब्रेक ऑइल: दर २ वर्षांनी. हे हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या स्थितीत ही किमान हमी १५५ अंशांवर येते. महाबळेश्वरहून वाईकडे पसरणी घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडतं ते यामुळे. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते सिलिकॉनचं नसतं.
- स्पार्क प्लग: फोक्सवॅगन गटाच्या या इंजिनांत साधारण ६०,००० किमी. रीमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली) गाडी असेल तर बरंच आधी.
- गिअरबॉक्स ऑइल: ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या सहा गिअरी डीएसजीत, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये, ६०,००० किमीला, फिल्टरसकट. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही" असं कोणी सांगितलं तर मॅन्युअल पुढे करा. पातळी बघताना गिअरबॉक्स ऑइलचं तापमान ठरावीक असावं लागतं, म्हणून स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका.
- कूलंट: रंग बघून भरू नका. गुलाबी-गुलाबी सारखं दिसतं, पण घटक वेगळे असतात. डब्यावरचा क्रमांक जुळवा. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.
- इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन: थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधाने हा कार्बन निघत नाही, कारण ते तिथे पोचतच नाही. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून तो काढतात. थंड इंजिन सुरू करताना थरथरत असेल आणि बाकी काही सापडत नसेल, तेव्हाच याकडे वळा.

> तपासा: सर्व्हिस झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी डिपस्टिक स्वतः बघा, खालचं कव्हर सगळ्या स्क्रूंनी बसलंय का पाहा आणि चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळलेत का विचारा. किती न्यूटन मीटर, तो आकडा मॅन्युअलमधला. एअर गनने करकचून आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर निघत नाहीत.

## टप्पा ६: दिवा लागला. पहिली दोन मिनिटं

आधी रंग, मग चिन्ह, मग संदेश. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. पिवळा म्हणजे वेग कमी करा आणि लवकर तपासा. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर त्याला वेगळी वागणूक, ती खाली आहे.

### लाल दिवे

ऑइलची बुधली. हा दाबाचा दिवा आहे, पातळीचा नाही. बाजूला घ्या, इंजिन ताबडतोब बंद करा. काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तर ऑइल भरा, एकदा सुरू करा. दिवा लगेच विझला तरच पुढे जा, तेही गळती नाही याची खात्री करून. पातळी बरोबर असूनही दिवा लागला असेल तर "सेन्सर खराब असेल" हा अंदाज स्वतः करायचा नाही. पंप बिघडलेला किंवा संपमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी चोंदलेली असू शकते. गॅरेजमध्ये मेकॅनिकल गेज लावून खरा दाब मोजल्यानंतरच सेन्सरवर बोट ठेवता येतं. परत परत सुरू करून "विझतो का बघू" हा खेळ इंजिन संपवतो. गतिरोधकावर गाडी खालून घासल्यावर हा दिवा लागला असेल तर संप फुटलाय असंच धरा.

हीच बुधली पिवळी असेल तर पातळी कमी आहे. थांबा, मोजा, भरा. हा दिवा तातडीचा नाही, पण उद्यावर टाकायचाही नाही.

थर्मामीटर किंवा कूलंट. एसी बंद करा. थांबायला जागा लगेच मिळत नसेल तर हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात. हीटरची जाळीही एक छोटा रेडिएटरच आहे. थांबलात की इंजिन बंद.

> सावधान: गरम इंजिनाच्या कूलंट टाकीचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली १०० अंशांपेक्षा गरम द्रव असतो, झाकण सैल होताच तो उसळून चेहऱ्यावर येतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हाताला कोमट लागेपर्यंत. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नका, हेड वाकतं.

ब्रेक. आधी हँडब्रेक. तो सुटलेला असूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइलची पातळी. पातळी दोन कारणांनी उतरते: पॅड झिजले किंवा गळती आहे. म्हणूनच वर "ओतू नका" म्हटलं. पॅड झिजल्यामुळे उतरलेली पातळी नवे पॅड टाकल्यावर आपोआप वर येते, आणि मध्ये भरलेलं ऑइल टाकीबाहेर सांडून रंग खातं. पेडल मऊ लागत असेल किंवा एबीएसचा दिवाही सोबत असेल तर गाडी उचलूनच न्या.

बॅटरी. याचा अर्थ बॅटरी संपली असा नाही, चार्जिंग थांबलं असा आहे. बोनट उघडून बेल्ट जागेवर आहे का बघा. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तशी गाडी असेल आणि बेल्ट तुटला असेल तर एक किलोमीटरही नाही. बेल्ट ठीक असेल तर एसी, म्युझिक बंद करून जवळची सुरक्षित जागा गाठा. व्होल्टेज उतरलं की इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं, हे लक्षात ठेवून वेग कमीच ठेवा.

### पिवळे दिवे

चेक इंजिन, स्थिर. गाडी नीट चालत असेल तर सौम्यपणे घरी न्या, स्कॅनर लावा.

चेक इंजिन, लुकलुकणारा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि ते तसंच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतंय. ॲक्सिलरेटर सोडा, थांबा. प्लगला वीज देणारी कॉइल काही हजारांत येते, कन्व्हर्टर लाखांत जातो.

ईपीसी. फोक्सवॅगन गटात हा इंजिनाच्या विद्युत नियंत्रणाचा दिवा. गाडी मरगळल्यासारखी चालते. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) उघडून साफ करण्याआधी ब्रेकचे मागचे दिवे लागतात का बघा. ब्रेक पेडलवरचा स्विच खराब झाला तरी ईपीसी लागतो, आणि तो स्विच स्वस्त आहे.

घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह. लुकलुकत असेल तर गाडी घसरू न देणारी स्टॅबिलिटी यंत्रणा काम करतेय, चाकं सुटतायत, तुम्ही वेग कमी करा. सतत लागून असेल तर बटणाने बंद झालीय किंवा बिघडलीय.

टायर. ऑक्टेव्हियासारख्या अनेक गाड्यांत चाकात दाबाचा सेन्सर नसतोच. चाकं किती वेगाने फिरतात याची एबीएसच्या सेन्सरवरून तुलना करून गाडी अंदाज बांधते. म्हणून चारही टायरांची हवा सारखी उतरली तर दिवा लागेलच असं नाही. आणि दिवा लागल्यावर हवा न बघता मेनूत "सेट" केलं तर गाडी कमी दाबालाच योग्य मानते. आधी गेज, मग हवा, मग सेट. पोर्शेत प्रत्येक चाकात खरा सेन्सर असतो आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते.

गिअरबॉक्स गरम. बाजूला घ्या, पी मध्ये टाका आणि थंड होऊ द्या. इंजिन चालू ठेवायचं की बंद, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा.

एकदम पाच-सहा दिवे. एबीएस, स्टॅबिलिटी, हिल होल्ड, टायर, स्टिअरिंग सगळे एका वेळी बिघडत नाहीत. दोनच संशयित असतात: मरत चाललेली बॅटरी किंवा एका चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी रिकामी. स्टार्ट करताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमकुवत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आकडे ठीक असतील तर स्कॅनरवर एबीएसचं खातं उघडा, कोणतं चाक ते तो सांगेल.

## टप्पा ७: कोड वाचायचा क्रम

कोड म्हणजे निदान नाही. गाडीला काय विचित्र दिसलं, एवढंच तो सांगतो. कारण शोधणं आपलं काम.

१. सगळ्या विभागांचं स्कॅनिंग करा, फोटो काढा.
२. फ्रीझ फ्रेम बघा. कोड आला त्या क्षणी आरपीएम, तापमान, वेग काय होता याची ती नोंद आहे. कोड पुसला की ती जाते, म्हणून आधी पुसायचं नाही.
३. साध्या गोष्टी डोळ्यांनी बघा: निसटलेला पाइप, सैल प्लग, उंदराने कुरतडलेली वायर.
४. एका वेळी एकच बदल करा.
५. मग कोड पुसा, चालवा, परत वाचा.

उदाहरण घेऊ. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट जळत नाहीये. नवी कॉइल मागवण्याआधी, थंड इंजिनावर इग्निशन बंद करून, पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा. कोड पुसून चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर प्लगचीही तशीच अदलाबदल करून बघा. तरीही तोच आला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. खर्च शून्य, वेळ अर्धा तास, आणि उत्तर पक्कं.

पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. म्हणून लगेच टर्बो बदलू नका, आधी इंटरकूलरचे (टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप आणि क्लॅम्प बघा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. २.० टीएसआयमध्ये वरच्या ब्रीदर व्हॉल्व्हचा (इंजिनातल्या वाफा बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटला की हा येतो, सोबत शिट्टीसारखा आवाज, आणि चालू इंजिनावर ऑइलचं झाकण ओढून धरल्यासारखं घट्ट लागतं. पी०४२० ला कन्व्हर्टर बदला असं सांगतील. आधी एक्झॉस्टची गळती, ऑक्सिजन सेन्सर आणि जुना मिसफायर तपासायला लावा. नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच कारणाने जाईल.

> तपासा: सेकंडहँड गाडी बघताना स्कॅनरवर "रेडिनेस", म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. बहुतेक चाचण्या "अपूर्ण" दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. दोन दिवस चालवल्यानंतर परत स्कॅन करायची अट घाला.

## टप्पा ८: पावसाळा आणि उभी गाडी

पाणी साचलेल्या रस्त्यात बुटकी गाडी घालू नका, समोरची एसयूव्ही गेली म्हणून तर नाहीच. हवा ओढायचं तोंड बऱ्याच गाड्यांत पुढच्या ग्रिलमागे असतं आणि समोरून येणाऱ्या वाहनाची लाट तिथपर्यंत पोचते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्ट मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल तर विमा कंपनी हा खर्च सहसा नाकारते. पॉलिसी मे महिन्यातच उघडून बघा.

पोर्शे ७१८ चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना असतात. तिथे पानं आणि चिखल साचून कुजतो, आणि रेडिएटर व एसीचा कंडेन्सर गंजून गळतात. पावसाळ्याआधी आणि नंतर बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा, व्हॅक्यूमने कचरा काढा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाती वाकतात.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर:

- हँडब्रेक न लावता पी मध्ये किंवा गिअरमध्ये, चाकांना अडण लावून ठेवा. ओल्या डिस्कला पॅड चिकटतात.
- धुतल्यावर लगेच उभी करू नका. थोडं चालवून, ब्रेक मारून डिस्क सुकवा.
- बॅटरीला मेंटेनर (तिला हळूहळू चार्ज ठेवणारा चार्जर) लावा. बॅटरी एजीएम प्रकारची असेल तर त्याचा मोडही एजीएम हवा.
- टायरमध्ये कमाल मर्यादेत थोडी जास्त हवा.
- टाकी भरलेली ठेवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरतं, रिकाम्या जागेतली दमट हवा त्याला तो पुरवते.
- "दोन मिनिटं चालू करून बंद" असं करू नका. त्यात बॅटरी खर्च होते आणि ऑइलमध्ये पाणी साचतं. सुरू केलीत तर अर्धा तास चालवून आणा.

परत काढताना आधी बोनट उघडून उंदरांच्या लेंड्या आणि वायरी बघा, मग खाली वाकून जमिनीवर डाग, मग हवा, मग व्होल्टेज. पहिले काही ब्रेक खरखर करतील, तो वरवरचा गंज आहे. चार-सहा ब्रेकनंतरही आवाज राहिला तर पॅड काढून बघा.

## टप्पा ९: गाडी उचलून न्यायची वेळ आली तर

फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रक) मागवा. ड्युअल क्लच किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स ऑइलच्या दाबाशिवाय फिरतो. फोनवरच सांगा: गाडी बुटकी आहे, लांब रॅम्प किंवा लाकडी फळ्या आणा. बंपरच्या पुढच्या खालच्या ओठाचं प्लास्टिक इथेच तुटतं.

ओढायचा हूक डिकीत स्टेपनीच्या किंवा टूलकिटच्या खाली असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो फिरवायचा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत त्याचे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवल्यावर बसतो. हातापुरता घट्ट न ठेवता स्पॅनरच्या दांड्याने पूर्ण बसवा.

चढवण्याआधी चारही बाजूंनी, चाकांचे आणि बंपरच्या खालच्या कडेचे फोटो काढा. पट्टे चाकांवरून बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या आर्मला नाही. गिअर न्यूट्रलमध्ये घालायला बॅटरी पुरेशी नसेल तर गिअर हाताने सोडवायची आपत्कालीन सोय कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. गॅरेजमध्ये गाडी सोडताना वहीचं शेवटचं पान, दिव्याचा फोटो आणि स्कॅनचा फोटो मेकॅनिकला पाठवा, आणि तुमच्यासमोर निदान झाल्याशिवाय कोड पुसू नका असं जॉबकार्डवर लिहून घ्या.